एकेचाळीस मुलांची मापं

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही ह्यांनी घेऊन दिली. म्हणाले, "संध्याकाळ झाली की तू माझं डोकं खातेस. तिकडे तीन आठवडे कुणाचं खाणार? ह्या वहीचं खा." तर आजपासून वहीचं.

दोन विमानं आणि सहा तासांची बस करून पोचलो. आमच्या चर्चच्या मंडळीतले आम्ही तिघं. पाळकसाहेब मुलांना गाणी शिकवणार, निवृत्त नर्सबाई तपासणी करणार आणि मी इथल्या अनाथाश्रमातल्या प्रत्येक मुलाला एकेक कपडा शिवून देणार. एकतीस वर्षं लोकांची सुटलेली पोटं टेपनं मोजली आणि कुणाजवळ बोलले नाही, एवढंच माझं शिक्षण. पण परदेशात सेवेला न्यायला पाळकसाहेबांनी मला निवडलं, तेव्हा मंडळीतल्या दोघीतिघींची तोंडं बघण्यासारखी झाली होती. हे लिहायला नको होतं. पण वाचणार कोण?

मी आणि नर्सबाई एका खोलीत. दोन लोखंडी खाटा, एक टेबल, एक खिडकी. खिडकीच्या गजाला हात लावला तर बोटाला निळा रंग लागला. आम्ही येणार म्हणून घाईघाईनं रंगवलेली दिसते.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सगळी मुलं अंगणात रांगेत उभी होती. अधीक्षकांनी हात वर केला आणि एकेचाळीस तोंडांतून एकदम आलं, "आई!" चक्क आमच्या भाषेत. पाळकसाहेबांकडे वळून "बाबा!" म्हणाली. माझे डोळे भरून आले. ज्यांना हा शब्द वापरायला जगात कुणी उरलं नाही, ती मुलं तो मला म्हणत होती.

नर्सबाई कानाशी पुटपुटली, "मागच्या पाहुण्यांना त्यांच्या भाषेत म्हणाली असतील."

मी म्हटलं, "प्रत्येक ठिकाणी थर्मामीटर लावू नका हो."

अधीक्षक पन्नाशीचे, बारीक, सतत किल्ल्यांचा जुडगा चाचपणारे. बोलणं दुभाष्यामार्फत. दुभाषी म्हणजे एक म्हातारे मास्तर. तरुणपणी बारा वर्षं आमच्याकडे नोकरीला होते आणि आमची भाषा पुस्तकावरून शिकले. मला म्हणाले, "श्रीमती, आपले शिवणयंत्र कोठे स्थापन करावे?" मी हसू दाबत म्हटलं, "उजेडात करा स्थापन." भांडारातलं जुनं पायमशीन जेवणघराच्या शेजारच्या खोलीत आणलं. पट्टा सैल होता, तो कापून जोडला. आता पळतंय.

५ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर मापं. मी टेप धरायची, आकडा सांगायची, मास्तर वहीत लिहायचे. काही मुलं टेप पाहून हात पुढे करत, काही अंग चोरत. एकानं टेप कानाला लावून बघितली.

सोळावी आली ती सहासात वर्षांची मुलगी. काटकुळी, टोकदार हनुवटी, नजर सरळ टोचणारी. मी मनात नाव ठेवलं, टाचणी. तिचा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे. असा खांदा असला की गळा एका बाजूला ओढतो, त्यामुळे कापतानाच सांभाळावं लागतं. मी मास्तरांना वेगळी खूण करायला सांगितली. माप संपलं तरी ती हलेना. माझ्या हातातल्या टेपचं दुसरं टोक धरून उभी राहिली. मग अगदी हळू, एकटीच, म्हणाली, "आई."

रांगेत म्हटलेलं वेगळं आणि हे वेगळं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज स्वयंपाकिणीचंही माप घेतलं. कापड थोडं उरेल असं दिसलं, म्हणून म्हटलं तिलाही एक एप्रन करावा. ती तिशीची असेल, पण हात पन्नाशीचे. कमालीची घुमी बाई. मी येऊन चार दिवस झाले, एकदा हसली नाही. माप घेताना भिंतीकडे बघत उभी होती. तिचाही डावा खांदा चांगला बोटभर खाली. मोठमोठी पातेली उचलून झाला असेल.

दुपारी टाचणी मोरीपाशी तिला काहीतरी सांगत होती. दोन अक्षरांचा एक शब्द सारखा येत होता. मला पाहिल्यावर दोघी गप्प. मी मास्तरांना तो शब्द म्हणून दाखवला, अर्थ काय म्हणून विचारलं. त्यांनी आधी मोरीकडे पाहिलं. म्हणाले, "वडीलधाऱ्या स्त्रियांस आदराने तसे संबोधतात."

बाकीच्या मुलांना कुणी हा आदर शिकवलेला दिसत नाही. ती तिला नुसतं बाई म्हणतात.

९ फेब्रुवारी, रविवार

उपासना झाली. टाचणी माझ्या मांडीवर बसून होती. वजन काहीच नाही, पण उठली तेव्हा मांडी गार पडली.

दुपारी ह्यांचा फोन. "आमटीत मीठ किती घालायचं?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, "आठवडाभर काय घालत होतात?" म्हणाले, "अंदाजानं घालत होतो. आज शेजाऱ्यांना जेवायला बोलावलंय." मग टाचणीबद्दल सांगितलं. सांगत सुटले. हे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "जपून हं."

"कशाला जपू?"

"स्वतःला गं."

मला कळलं त्यांना काय म्हणायचं ते. लिहूनच टाकते. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी चार वर्षं आमच्याकडे होती. धाकटी तेव्हा आजारी, नवऱ्याचं काम गेलेलं, म्हणून अकरा महिन्यांचं पोर माझ्या पदरात घातलं. मला मूल नाही. ती मला आई म्हणायला शिकली. पाच वर्षांची होत आली तेव्हा धाकटी बरी होऊन न्यायला आली. मी दार उघडलं नाही. दिवसभर ती बाहेर पायरीवर बसून होती आणि मी आतून म्हणत होते, "पोसायला जमत नव्हतं तेव्हा कुठे होतीस?" संध्याकाळी ह्यांनी कडी काढली. पोरीला नंतर मला मावशी म्हणायला शिकवलं. पुढं तिच्या लग्नात मावशीचा मान मिळाला. सगळं रीतसर झालं. धाकटीशी मी बोलते, पण बेतानं.

ह्यात जपण्यासारखं काय आहे? टाचणीला न्यायला कुणी येणार नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पंचवीस कपडे झाले. टाचणीचा फ्रॉक मी आधीच उरकून घेतला होता. निळा, गोल गळा, खांदा असा बसला की सुरकुती नाही. परवा घातला तेव्हा ती अंगणभर फिरली.

आज पाहते तर कुणीतरी त्याची खालची दुमड उसवून आत चार बोटं कापडाची पट्टी जोडली होती, माझ्याच कातरणातली. बाजूच्या शिवणीही सोडून, तशाच पट्ट्या जोडून आत माया वाढवली होती. (आम्ही शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवतो त्याला माया म्हणतात. मूल वाढलं की उसवून कपडा मोठा करता येतो. मी माया कमी ठेवली होती, कापड सगळ्यांना पुरवायचं म्हणून.) हातशिलाई होती, टाके बारीक, पण फ्रॉकची पार गोणी झाली होती.

स्वयंपाकिणीनं केलं म्हणून कळलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. एकतीस वर्षांत माझ्या शिवणीला कुणी हात लावला नव्हता. मास्तरांना घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"विचारा तिला, कुणाला विचारून उसवलं?"

ती पातेलं घासत होती. मान वर न करता काहीतरी बोलली.

मास्तर म्हणाले, "ती म्हणते की मुलगी वाढेल."

"वाढणारच! चाळीस मुलं वाढणार आहेत. हिचंच तेवढं काय?"

मास्तरांनी हे भाषांतर केलं की नाही कोण जाणे. ती पातेलं घासत राहिली. मी फ्रॉक परत पहिल्यासारखा करून टाकला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आणखी एक लक्षात आलं. मुलांना आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं मिळतं, प्रत्येकी अर्धं. टाचणीला अख्खं मिळतं. स्वयंपाकीण ताटातल्या अन्नाखाली दडवून देते. मी आज मुद्दाम बघत होते. शेजारची पोर अर्ध्यासाठी ताट चाटतेय आणि ही बाई आपली मर्जी चालवतेय. हा कुठला न्याय?

नर्सबाई म्हणाली, "ती स्वतः अंडं खाते का, पाहिलंत?"

मी म्हटलं, "तिचा इथे काय संबंध?"

संध्याकाळी टाचणी मशीनपाशी आली. चाकावर बोट ठेवून बसते, मी थांबवलं की ती फिरवते. तिनं मास्तरांमार्फत विचारलं, तुम्ही कशातून आलात? मी हातानं विमान करून दाखवलं. ती हसली. पहिल्यांदाच इतकी हसली की मी बोलून गेले, "येतेस माझ्याबरोबर? विमानातून? माझ्या घरी?"

मास्तर चष्मा पुसू लागले.

"सांगा की हो तिला."

"श्रीमती, बालकास असे विचारू नये."

"गमतीनं विचारतेय. सांगा."

त्यांनी सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि मान हलवली, हो.

मी गमतीनं विचारलं नव्हतं. आल्यापासून मनात तेच आहे. कागदपत्रं काय लागतात ते पाळकसाहेबांना विचारायचं आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी मी व्हरांड्यात काजं करत बसले होते. समोर मोरीपाशी टाचणी स्वयंपाकिणीला काही सांगत होती. आकाशाकडे हात करत होती, माझ्याकडे बोट दाखवत होती. आणि त्या बाईनं तिच्या थोबाडीत मारली. एवढ्याशा पोरीच्या! आवाज माझ्यापर्यंत आला. मारल्यावर स्वतःच मोरीच्या कट्ट्याला धरून रडायला लागली. काय हा कांगावा! मार खाणारी पोर उभी, आणि मारणारी रडतेय.

मी तशीच उठले आणि अधीक्षकांच्या खोलीत गेले. पाळकसाहेब तिथेच होते, मास्तरही. मी सगळं सांगितलं. मारलं ते, अंड्याचं, फ्रॉकचं. म्हटलं, अशी बाई अनाथ पोरांत ठेवता कशी? हिच्या पोटी माया नाही.

पाळकसाहेबांचा चेहरा कठोर झाला. आमच्या मंडळीचा नियमच आहे, मुलांवर हात उगारणारं कुणी असेल तिथे आम्ही मदत देत नाही. त्यांनी तो अधीक्षकांना ऐकवला. अधीक्षक किल्ल्या चाचपत राहिले. मास्तरांना काहीतरी विचारलं, मास्तरांनी खाली पाहिलं. मग अधीक्षक म्हणाले, "मी बघतो."

बरं वाटलं. कुणीतरी बोलायलाच हवं होतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

स्वयंपाकिणीला काढलं. पहाटेच गेली म्हणे. तिचा एप्रन शिवून तयार होता, तो तसाच राहिला. दुपारपासून एक नवी बाई आली आहे. चांगली हसतमुख आहे.

टाचणी आज मशीनपाशी आली नाही. मार लागला त्याची लाज वाटत असेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

टाचणी दोन दिवस जेवलेली नाही. ताट पुढे घेऊन बसते, उठते. मी भरवायला गेले तर तोंड घट्ट मिटून घेतलं. मांडीवर घेतलं तर लाकडासारखी ताठ. मी म्हटलं, "आता तुला कुणी मारणार नाही." मास्तरांनी भाषांतर केलं नाही. घसा बसलाय म्हणाले.

नर्सबाईनं तपासलं. ताप नाही, घसा स्वच्छ, पोट मऊ.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज जे कळलं ते लिहायला तीनदा पेन घेतलं आणि खाली ठेवलं.

टाचणी स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, पायरीवर बसून असते. तिथून कुंपणाचं लहान फाटक दिसतं. आज दुपारी नर्सबाईनं मला हाताला धरून खिडकीशी नेलं. म्हणाली, "शिवणबाई, बघा. आजारी मूल भिंतीकडे तोंड करून पडतं. हे मूल वाट बघतंय."

मी मागून जवळ गेले. ती तोच शब्द पुटपुटत होती, दोन अक्षरांचा. थांबून थांबून, हाक मारल्यासारखा.

मी मास्तरांकडे गेले. ते वाचनाच्या खोलीत मुलांची पुस्तकं डिंकानं चिकटवत होते. मी म्हटलं, "मास्तर, त्या शब्दाचा अर्थ खरा सांगा."

त्यांनी चष्मा काढला. डिंकाची बोटं रुमालाला पुसली. "मी आपल्याशी असत्य बोललो," म्हणाले. "त्याचा अर्थ आई."

मी म्हटलं, "मला आई म्हणतात तसं?"

"नाही श्रीमती. आपणांस पाठ करून म्हणतात. ती तिची आई आहे. तिनेच तिला जन्म दिला."

नवरा मेल्यावर राहायला जागा उरली नाही, म्हणून तिनं पोरीला इथे ठेवलं. मग स्वतःच इथे स्वयंपाकाला लागली, पोर डोळ्यांसमोर राहावी म्हणून. अट एकच होती. पाहुणे असतील तेव्हा पोरीनं तिला बाई म्हणायचं, आणि तिनंही ओळख दाखवायची नाही. मोरीपाशी कुणी नसेल तेवढंच त्यांचं.

म्हणजे ती घुमी बाई रोज ताटं वाढताना ऐकत होती, तिची पोर मला आई म्हणतेय. मांडीवर बसतेय. आणि त्या दिवशी पोरीनं तिला सांगितलं, की मी विमानातून ह्या आईकडे जाणार.

खांदा. दोघींचा डावा खांदा बोटभर खाली. दोन्ही मापं मी माझ्या हातानं घेतली होती, दोन दिवसांच्या अंतरानं. मास्तरांच्या वहीत दोन्ही खुणा आहेत.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कपडे पूर्ण केले. दुसरं काही सुचत नव्हतं.

टाचणीनं नर्सबाईच्या हातून थोडं दूध घेतलं. माझ्या हातून नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मास्तरांना घेऊन अधीक्षकांकडे गेले. पाळकसाहेबांनाही बोलावलं. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "तिला परत आणा."

अधीक्षक मला वाटलं होतं तसे चिडले नाहीत. फार थकल्यासारखे बोलले. मास्तरांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहितेय. "बाई, ह्या एकेचाळिसांत खरी अनाथ मुलं बावीस. बाकीच्यांचं कुणी ना कुणी आहे. घरात खायला नाही म्हणून सोडून गेले. पूर्वी मी पाहुण्यांना खरं सांगत होतो. त्यांचे चेहरे पडायचे. पुढच्या वर्षी ते दुसरीकडे जायचे. मग मी सांगणं सोडलं. मुलांना जेवायला तर घालायचं ना?"

"पण मला एकदा सांगायचं! तक्रार केली तेव्हा तरी!"

"पाळकसाहेब समोर होते. त्यांच्या नियमाबद्दल बोलत होते. मी काय सांगणार होतो? की मी तुम्हाला वर्षानुवर्षं खोटं सांगितलं आणि ती मारणारी बाई आई आहे?"

पाळकसाहेब खिडकीकडे बघत होते. तिकडे बघतच म्हणाले, "मंडळीला मी ह्या मुलांचे फोटो दाखवलेत. प्रत्येकाखाली अनाथ लिहिलंय. आता काय सांगू?"

मी म्हटलं, "आहे ते सांगा. नसेल जमत तर मी सांगते. मी काय केलं तेही सांगेन."

त्यांनी मान हलवली. खरं तर माणूस वाईट नाही. अधीक्षकांना म्हणाले, ज्यांना आईबाप आहेत त्यांच्या आईबापांनी पुढच्या दारानं यावं, आमची मदत बंद होणार नाही.

पण स्वयंपाकाची जागा गेली. नवी बाई विधवा आहे आणि तिची दोन मुलं ह्याच रांगेत उभी असतात. तिसरीतली मोठी आणि तो टेप कानाला लावणारा. तिला काढा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. हसतमुख का होती ते आज कळलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

तिचा पत्ता मास्तरांनी काढला. बसनं तीन तासांवर मासे डब्यात भरायचा कारखाना आहे, तिथे लागली. मी आणि मास्तर गेलो.

फाटकावरच्या माणसानं तिला बाहेर बोलावलं. डोक्याला प्लास्टिकची टोपी, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. मला पाहून ती जागच्या जागी थांबली. पहिलं वाक्य तीच बोलली. मास्तर म्हणाले, "ती विचारते, मुलगी जिवंत आहे ना?"

"आहे, आहे! सांगा तिला, बरी आहे."

"जेवते का?"

मी खोटं बोलणार होते. मग म्हटलं, "दूध घेते. आता थोडं जेवायला लागली आहे. चार दिवस जेवली नव्हती."

तिनं डोळे मिटले. मी म्हटलं, "मला माहीत नव्हतं हो. माफ करा. मला खरंच माहीत नव्हतं."

मास्तरांनी तिचं उत्तर सांगताना आवाज खाली केला. "ती म्हणते, आपण विचारले नाही."

कारखान्याच्या भिंतीला लागून बायकांचं वसतिगृह आहे. एका खोलीत आठ खाटा, मुलं ठेवायला बंदी. सुट्टी महिन्यातून एक रविवार. मी तिला सांगितलं, आता पुढच्या दारानं येता येईल, आई म्हणून. तिला ते नीट कळलं नसावं. ती दुसराच विचार करत होती. एकाएकी तिनं मोजे काढले, पांढऱ्या पडलेल्या, सुरकुतलेल्या बोटांनी माझे दोन्ही हात धरले आणि भरभर बोलू लागली. मी मास्तरांना म्हटलं, "सांगा ना!"

"ती म्हणते, मुलीला आपण घेऊन जावे. विमानातून. आपण म्हणाला होता. ती कागदावर सही करील. आपल्याकडे ती पोटभर जेवेल, शाळेत जाईल. ती म्हणते, मी रागाने मारले, पण नंतर विचार केला."

माझ्या तोंडात हो आलं होतं. जिभेवर होतं. आमच्या आतल्या खोलीत खाट कुठे टाकायची तेसुद्धा डोळ्यांसमोर आलं. मला पायरीवर बसलेली धाकटी दिसली असं लिहिलं तर शोभून दिसेल, पण तसं काही झालं नाही. मला फक्त ती खाट दिसत होती. आणि समोर ही बाई, एका बाजूला कललेली, माझ्या तोंडाकडे बघत. मी हो म्हणावं म्हणून बघतेय की नाही म्हणावं म्हणून, तेही कळेना.

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं, मला अजून सांगता येत नाही. पोरीच्या भल्याचं केलं की वाईट केलं, तेही नाही. बसमध्ये मी मास्तरांना विचारलं, "बरोबर केलं का मी?" ते म्हणाले, "श्रीमती, मी केवळ भाषांतर करतो." मग जरा वेळानं, साध्या बोलीत, पहिल्यांदाच, म्हणाले, "मला नाही माहीत हो बाई."

येताना तिला एप्रन दिला. आत भरपूर माया ठेवली होती. तिनं घडी उलगडून शिवण बघितली, अंगठ्यानं दाबून.

२३ फेब्रुवारी, रविवार

बसमध्ये लिहितेय, अक्षर हलतंय.

आज आमचा निघायचा दिवस. अंगणात मुलं रांगेत उभी, सगळ्यांच्या अंगावर नवे कपडे. पाळकसाहेब निरोपाचं बोलत होते आणि पुढचं मोठं फाटक वाजलं. ती आली होती. सुट्टीचा रविवार पुढे होता, कुणाबरोबर तरी पाळी बदलून आली. केस ओले करून विंचरलेले, हातात काही नाही.

फाटकाच्या आत दोन पावलं टाकून ती थांबली. पाहुणे समोर होते ना. सवय. टाचणीही रांगेतून हलली नाही. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या, मध्ये सगळं अंगण. मी अधीक्षकांकडे पाहिलं. त्यांनी घसा खाकरला आणि मोठ्यानं, सगळ्या मुलांना ऐकू जाईल असं काहीतरी म्हणाले. भाषांतराची गरज पडली नाही. तो दोन अक्षरांचा शब्द त्यात होता.

टाचणी चालत निघाली. धावली नाही. आईपाशी पोचली आणि दोन्ही मुठींनी तिच्या पोटावर मारायला लागली. जीव खाऊन मारत होती, तोंडातून आवाज नाही. आई तशीच उभी राहिली. हात आडवे केले नाहीत, मागे सरली नाही. मारता मारता पोर दमली, तरी मारत होती. नर्सबाई पुढे जायला निघाली, मी तिचा दंड धरला.

रांगेतली मुलं हे सगळं बघत होती. ज्यांचं कुणी नाही तीही, आणि ज्यांचं कुणी आहे पण बोलायचं नाही तीही. शेवटी उभी असलेली एक मुलगी फाटकाकडे बघत होती. आणखी कुणी येतंय का म्हणून.

तेवढ्यात बसवाल्यानं भोंगा वाजवला. आम्हाला चढावं लागलं. पुढे काय झालं मी पाहिलं नाही. मास्तर पत्रानं कळवतो म्हणाले. तिची परतीची बस चारची आहे, एवढं माहीत आहे.

पाळकसाहेबांनी सुखरूप प्रवासासाठी प्रार्थना केली. नर्सबाई आमेन म्हणाली. मी वही उघडली. तीन आठवड्यांपूर्वी त्या दोघी रोज भेटत होत्या, मोरीपाशी का होईना. मी आले, आणि आता महिन्यातून एक रविवार.